उंदराचें बीळ कोणीं बुजवावें?

रबीची ज्वारी खळ्यावरून घरांत येऊं लागली म्हणजे तिच्या मागोमाग उंदीरही येतो. पीक निघाल्यावर त्याचें रानांतलें अन्न संपतें. आणि पुढें पावसाळ्यांत बिळांत पाणी शिरलें म्हणजे कोरड्या जागेच्या शोधांत तो पुनः गांवाकडे वळतो. अशा दिवसांत घरोघर एकच बोलणें चालतें. कोणी शेजाऱ्याकडे पिंजरा मागतो, कोणी औषध आणावयास बाजारास निघतो, कोणी मांजर पाळावें म्हणतो. आणि त्यांतच एखादा कनवाळू मनुष्य विचारतो कीं, या मुक्या जिवास मारणें योग्य आहे काय? हा प्रश्न हंसण्यावारीं नेणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांतले नव्हे. जेथें रोज एका जिवाचा प्राण घेण्याची वेळ येते, तेथें विचार न करितां हात उचलणें मनुष्यास शोभत नाहीं. परंतु आमचें म्हणणें इतकेंच कीं, हा प्रश्न आपण फार उशिरां विचारतों. उंदीर पिंजऱ्यांत सांपडल्यावर आपली सद्‌बुद्धि जागी होते. भिंतीला भोंक पडलें होतें आणि कणगीचें तोंड उघडें होतें, त्या वेळीं ती कोठें होती?

लोक उंदरास चोर म्हणतात. त्याचें संस्कृत नांव मूषक. तें मुष् म्हणजे चोरणें या धातूपासून आलें असें सांगतात. म्हणजे आरोप जुना आहे. तथापि चोर ठरण्यास काय लागतें तें पाहा. ही वस्तु दुसऱ्याची आहे असें जाणून जो ती घेतो, तो चोर. उंदरानें सातबाराचा उतारा पाहिलेला नाहीं, आणि आपल्या खळ्यावरच्या ज्वारीवर कोणाचें नांव आहे हें त्यास कोणीं वाचून दाखविलेलें नाहीं. शेतांत पडलेला दाणा आणि कणगींतला दाणा यांत त्यास कांहींच भेद दिसत नाहीं. शिवाय त्याची व आपली सोबत आजची नव्हे. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या प्रदेशांत उकरून काढलेल्या जुन्या वस्त्यांमध्यें उंदरांचे दांत सांपडले आहेत. त्यांच्या आकारावरून विद्वानांनीं असें अनुमान केलें आहे कीं, शेती सुरू होण्याच्याही आधीं, सुमारें १५,००० वर्षांपूर्वीं, मनुष्य एका जागीं घर करून राहूं लागला तेव्हांच घरउंदीर त्याच्या आश्रयास आला. आपण दाणे सांठविले, आडोसा केला, ऊब केली, तो आला. त्यानें आमंत्रण मोडलें असें म्हणतां येत नाहीं, कारण तें आपणच दिलें होतें.

यावरून कोणी असें समजूं नये कीं उंदरास घरांत राहूं द्यावें. ज्यानें वर्षभर राबून लेंकरांच्या तोंडचा घांस मिळविला, त्यानें तो राखलाच पाहिजे. एक लहान उंदीर दिवसाला फार तर चिमूटभर दाणे खातो, पण लेंड्यांनीं व मुतानें त्याच्या कितीतरी पट धान्य घाण करून टाकतो. तो कपडे कुरतडतो, विजेच्या तारा सोलतो, निजलेल्या मुलाच्या बोटास चावतो. त्याच्या मुतानें दूषित झालेल्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिस नांवाचा ताप पसरतो. कोंकणांत भाताच्या खाचरांत काम करणारांस आणि मुंबईंत पावसाळ्यांत तुंबलेल्या पाण्यांतून चालणारांस हा धोका चांगला ठाऊक आहे. तेव्हां राखण करण्याचा आपला हक्क निर्विवाद आहे. परंतु राखण करणें एक आणि शिक्षा करणें दुसरें. शिक्षा अपराध्यास द्यावयाची असते, आणि अपराधाचें ज्ञान ज्यास नाहीं तो अपराधी नव्हे.

हा भेद पुस्तकी वाटेल, पण तो रोजच्या व्यवहारांत किती मोठा आहे हें पिंजऱ्याभोंवतीं जमलेली मुलें पाहिलीं म्हणजे कळतें. पिंजऱ्यांत काड्या खुपसणें, उंदराच्या शेपटीस दोरी बांधून फरफटत नेणें, रॉकेल ओतून पेटविणें, पिंजऱ्यासकट पाण्यांत बुडवून तो किती वेळ तडफडतो हें मोजणें, असे प्रकार गांवोगांव चालतात, आणि वडील माणसें ओट्यावर बसून तें पाहतात. विचारलें तर सांगतात, त्यानें आमचें नुकसान केलें आहे. म्हणजे ही शिक्षाच झाली. आतां बाजारांत चिकट फळ्याही मिळतात. तीवर पाय पडला कीं उंदीर तेथेंच खिळतो आणि भुकेनें, तहानेनें, भीतीनें कित्येक तास मरत राहतो. कोणी आपले पाय कुरतडूनही सुटूं पाहतो. तें पाहावें लागूं नये म्हणून घरचीं माणसें ती फळी तशीच उकिरड्यावर टाकून देतात. ज्यास मारणें भागच आहे त्यास एका फटक्यांत मारणाऱ्या कमानीच्या सापळ्यानें मारावें. त्याहून अधिक वेदना देण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिलेला नाहीं. आणि हें काम मुलांचा खेळ होऊं देऊं नये. उंदराला छळण्यांत ज्याचा हात बसला तो हात पुढें बैलाच्या शेपटीवर आणि त्याहीपुढें घरांतल्या दुबळ्या माणसावर फिरतो, असें आम्हांस वाटतें.

दुसरा एक वर्ग आहे, तो फार सौम्य. हे लोक उंदीर मारीत नाहींत; पिंजरा उचलून दूर नेतात व दार उघडून देतात. हेतु चांगला, यांत संशय नाहीं. पण तो पिंजरा उघडतात कोठें? बहुधा आळीच्या दुसऱ्या टोकाला, ओढ्यापलीकडच्या वस्तीजवळ, नाहींतर ज्याच्याशीं बोलणें नाहीं अशा भाऊबंदाच्या गोठ्यामागें. घरांत वाढलेल्या उंदरास उघड्या रानांत ना बीळ ठाऊक, ना पाणी. एक तर त्यास घार किंवा घुबड उचलतें, नाहींतर तो जवळच्या पहिल्या घरांत शिरतो. पहिल्या प्रसंगीं आपली दया त्याच्या उपयोगी पडली नाहीं. दुसऱ्या प्रसंगीं तिचा खर्च शेजाऱ्यानें सोसला, आणि पुण्य मात्र आपल्या खातीं जमा झालें.

या संबंधानें शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकांतील पलिष्टी लोकांची हकीकत आमच्या वाचकांस आठवेल. कराराचा कोश अश्दोद नगरांत असतां तेथें गांठींची पीडा उद्भवली. तेव्हां त्या लोकांनीं कोश गथास पाठविला. गथांतही तीच पीडा झाली, म्हणून त्यांनीं तो एक्रोनास धाडला. आणि एक्रोनचे लोक ओरडूं लागले कीं, आम्हांस मारण्याकरितां हा आमच्याकडे आणला आहे. शेवटीं कोश परत पाठवितांना त्यांनीं सोन्याचे पांच उंदीर करून दोषार्पण म्हणून बरोबर दिले, कारण देशांत उंदरांनीं नासधूस केली होती. त्या कथेचा मुख्य हेतु निराळा आहे, व तो येथें सांगण्याचें कारण नाहीं. परंतु पीडा एका गांवानें दुसऱ्या गांवाच्या दारीं लोटावी, दुसऱ्यानें तिसऱ्याच्या, ही रीत किती जुनी आहे तें तींत स्पष्ट दिसतें.

आपल्याकडे या रीतीचा हिशेब प्लेगनें चुकता करून घेतला. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. आकासियो व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपाताचे रोगी ओळखले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग; तेथें उंदरांस काय उणें? परंतु उंदराचा व या रोगाचा संबंध नक्की काय, हें त्या वेळीं कोणास नीट कळलेलें नव्हतें. सरकारनें कार्बोलिक ॲसिड शिंपडलें, भिंतींस चुना दिला, उजेड यावा म्हणून कौलें उतरविलीं. पुण्यांत १८९७ सालीं सोजीर लोक घरांत शिरून रोगी शोधूं लागले. त्याचा लोकांस एवढा संताप आला कीं, २२ जून १८९७ रोजीं प्लेगचे अधिकारी रँड यांजवर गोळी झाडली गेली. पुढें १८९८ सालीं कराचींत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरानें प्रयोग करून दाखविलें कीं, हा रोग उंदरापासून उंदरास पिसवांच्या योगें होतो. त्याचें म्हणणें कित्येक वर्षें पुष्कळांनीं मानलें नाहीं. १९०५ नंतर मुंबईंत परळ येथें प्लेग संशोधन मंडळानें केलेल्या प्रयोगांनीं तें खरें ठरलें. तोंवर लक्षावधि माणसें गेलीं होतीं, आणि १८९६ पासूनच्या पंचवीस वर्षांत या देशांत एक कोटीहून अधिक माणसें या रोगानें मेलीं.

या रोगाची रीत समजून घेण्यासारखी आहे. प्लेगनें उंदीर मेला म्हणजे त्याचें अंग थंड पडतें, आणि अंगावरील पिसवा दुसरें ऊबदार शरीर शोधूं लागतात. दुसरा उंदीर जवळ नसला तर त्या माणसास चावतात. म्हणून मेलेला उंदीर जिवंत उंदराहून अधिक भयंकर. खेड्यांतील अडाणी म्हटलेल्या लोकांस शास्त्र ठाऊक नव्हतें, तरी एवढें ठाऊक होतें कीं, घरांत उंदीर पडूं लागले म्हणजे गांव सोडून रानांत झोपड्या घालून राहावयाचें; आणि तें बरोबर होतें. अशा दिवसांत ज्यानें आपल्या घरांत पडलेला उंदीर काठीनें उचलून शेजाऱ्याच्या परसांत फेंकला, त्यानें काय फेंकलें याचा विचार करा. त्यास स्वतःसही तें ठाऊक नसेल. पण न कळत केलें म्हणून पलीकडच्या घरचें माणूस वांचलें नाहीं.

हें सर्व जुनें झालें असें कोणी म्हणेल. १९९४ च्या ऑगस्ट महिन्यांत बीड जिल्ह्यांतील मामला या गांवीं उंदीर मरून पडूं लागले, आणि पाठोपाठ गांठी व ताप यांचे रोगी आढळले. त्याआधींच्या वर्षीं, ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, किल्लारीचा भूकंप झाला होता. भीतीनें लोक घराबाहेर राहूं लागले, धान्य घरांत तसेंच पडून राहिलें व उंदीर माजले, असें कारण त्या वेळीं पुष्कळांनीं दिलें. सप्टेंबरांत सुरत शहरांत फुप्फुसाचा प्लेग झाल्याची बातमी आली. पन्नासांहून अधिक माणसें मेलीं, आणि लक्षावधि माणसें मिळेल त्या गाडीनें शहर सोडून पळालीं. सुरतेची पुढील गोष्ट मात्र आनंदाची आहे. १९९५ सालीं एस. आर. राव हे तेथील महानगरपालिकेचे आयुक्त झाले. त्यांनीं कचरा रोज उचलविला, गटारें साफ करविलीं, घाण करणारांकडून दंड घेतला. आणि थोड्याच वर्षांत तें शहर देशांतील स्वच्छ शहरांत गणलें जाऊं लागलें. उंदरांवर मोठी चढाई करण्यापेक्षां त्यांचें ताट उचलून नेणें अधिक गुणकारी ठरलें. येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. आयुक्तांचें नांव सर्वत्र झालें. पण झाडू ज्यांच्या हातीं होता त्या माणसांचीं नांवें कोणासही ठाऊक नाहींत.

आतां घराच्या कामाकडे वळूं. घरउंदराचें पिलूं शिसपेन्सिलीच्या जाडीएवढ्या भोंकांतून आंत येऊं शकतें; मोठ्या जातीच्या उंदराच्या पिलास अर्धा इंच फट पुरे होते. उंदराचे पुढले दांत जन्मभर वाढत असतात, म्हणून त्यास कुरतडावेंच लागतें. तो माती, लांकूड, मऊ चुना यांस दाद देत नाहीं, पण लोखंडी पत्र्यापुढें हरतो. यास्तव बीळ नुसत्या शेणमातीनें लिंपणें हें काम रात्रभराचें. कांचेचे बारीक तुकडे चुन्यांत किंवा सिमेंटांत कालवून तें ठांसून भरावें. कांच हातास लागूं नये म्हणून थापी वापरावी व मुलांस दूर ठेवावें. दाराच्या खालच्या कडेस पत्र्याची पट्टी ठोकावी. मोरीच्या तोंडास बारीक जाळी बसवावी. पुष्कळ घरांत दाराला कडी असते आणि मोरी मात्र चोवीस तास उघडी असते. भिंतीच्या पायथ्याशीं गवत, सरपण किंवा कडब्याची गंजी लावून ठेवूं नये, कारण उंदीर मोकळ्या जागेंतून जाण्यास भितो व भिंतीच्या कडेनें आडोशाआडोशानें चालतो. बांबूची कणगी दिसावयास सुरेख, पण उंदरास ती पानाच्या द्रोणाएवढीच. पत्र्याची कोठी एकदां घेतली तर नातवंडांपर्यंत पुरते. रात्रीचें उष्टें झांकावें. गुरांचें पेंड उघडें ठेवूं नये. शिंकें टांगण्याची आपल्या आजीबाईंची चाल शहाणपणाची होती. फक्त तें भिंतीपासून लांब असावें.

हें काम कंटाळवाणें आहे, आणि म्हणूनच तें राहून जातें. पुडी आणणें सोपें. पण उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका खेपेस पांच-सहा पिलें देते, आणि तीं पिलें दीड-दोन महिन्यांत स्वतः विण्याजोगीं होतात. अन्न व वाट उघडी असतां रोज एक मारला तर रोज एक जन्मास येतो, आणि घरधन्यास वर्षानुवर्षें मारीतच राहावें लागतें. जो भोंक बुजवितो त्याच्या हातून मरणारे उंदीर थोडे. जो बुजवीत नाहीं त्याच्या हातून मरणारे शेंकड्यांनीं. दयेचा हिशेब करावयाचा तर तो असा करावा. शिवाय विष आपलें काम उंदरापाशीं थांबवीत नाहीं. हल्लींच्या कित्येक औषधांनीं उंदीर अंगांत रक्तस्राव होऊन चार-सहा दिवसांनीं मरतो. मध्यंतरीं त्यास मांजरानें किंवा घुबडानें खाल्लें तर तेंही मरूं शकतें. कोनाड्यांतली पुडी लहान मुलाच्या हातीं लागल्याचीं उदाहरणें सांगण्याची गरज नाहीं.

घुबडाचें नांव निघालें म्हणून सांगतों. पडक्या वाड्यांत, जुन्या इमारतींच्या पोकळींत राहणारें गव्हाणी घुबड मुख्यत्वें उंदीर खाऊनच पोट भरतें. आणि आपण त्यास अशुभ म्हणून दगड मारतों. धामण बिनविषारी, शेताची फुकट राखण करणारी. ती दिसली कीं चार माणसें काठ्या घेऊन धांवतात, आणि तींच माणसें संध्याकाळीं उंदरांविषयीं कुरकुरत बसतात. चिचुंद्रीचें तर दुर्दैवच. ती उंदराच्या जातीची नव्हे. झुरळें व किडे खाणारी आहे. पण नाकाडें लांब, वास उग्र, आणि दिसते उंदरासारखी, एवढ्यावरून मार खाते.

आणखी एक चाल आम्हांस विचार करण्यासारखी वाटते. मुंबई महानगरपालिकेनें रात्रीं काठी व विजेरी घेऊन गल्लीबोळांतून उंदीर मारीत फिरणारे कामगार नेमले होते. एका रात्रींत तीस उंदीर मारून द्यावे असा त्यांचा ठराव असे. दिवसां बाजारांत खरकटें टाकणारे निराळे, आणि रात्रीं त्या खरकट्यावर पोसलेल्या उंदरांमागें गटारांत धांवणारे निराळे. खरकटें टाकणारांचे हात स्वच्छ राहतात, आणि उंदीर मारणें वाईट असें म्हणावयास ते मोकळे असतात. खेड्यांतही हा प्रकार लहान प्रमाणावर आहेच. सापळा लावतो घरधनी, पण मेलेला उंदीर उचलून पुरावयास हांक कोणास मारतात? ज्याच्या घरांत उंदीर मेला त्यानेंच तो खोल खड्डा करून पुरावा, आणि मग दयेवर बोलावें.

शेवटचा मुद्दा ओळीच्या घरांचा. आपल्या गांवांतील पुष्कळ घरांच्या भिंती सामाईक असतात व आढें एकास एक लागलेलीं असतात. अशा ओळींत सहा घरें असलीं आणि पांचांनीं भोंकें बुजविलीं, तर उंदीर सहाव्यांत राहून पांचांत फिरतो. आणि तें सहावें घर बहुधा अशा कोणाचें असतें, कीं जिच्याजवळ ना गवंड्यास देण्यास पैसा, ना घरांत हाताखालीं माणूस. तिचें घर घाणेरडें, तिच्याकडूनच उंदीर येतात, असें पांच घरचे लोक म्हणतात. आणि त्यांचें म्हणणें अगदींच खोटेंही नसतें. प्रश्न असा आहे कीं, त्या भिंतीचा चुना कोणीं द्यावयाचा? पंचायतीनें द्यावा म्हणून अर्ज करतां येईल. त्यास वेळ लागेल. एक घमेलें सिमेंट, दोन टोपल्या वाळू, फुटक्या बाटल्यांची कांच, जुन्या डब्यांचा पत्रा, आणि दोघां माणसांचें एक दिवसाचें काम, याहून अधिक तेथें लागत नाहीं. ज्वारी खळ्यावर येण्यास अजून अवकाश असतां तें करून घ्यावें. काम चाललें असतां तिचें धान्य तात्पुरतें ठेवण्यास शेजारच्या घरांत एक कोरडा कोपरा मात्र आधीं रिकामा करून ठेवावा लागेल.